आखाजीच्या आत ५.१ : रिसीव्हर घेण्याच्या आणि बसवण्याच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

सुरुवात केली. घरी ५.१ आवाज करायचा, म्हणजे पाच स्पीकर आणि खालचे जड सूर वाजवणारा एक सबवूफर. टीव्हीचा आवाज घेऊन, त्याला ताकद देऊन या सगळ्यांना वाटणारा अॅम्प्लिफायर म्हणजे रिसीव्हर. हॉल १२ बाय १६ फूट, वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, पूर्वेच्या भिंतीला सागवानी शोकेस. टीव्ही ४३ इंची, २०१९ चा. बजेट ६० हजार. मुदत आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ३० एप्रिल. ताई आणि भाचरं तेव्हा अमळनेरला येतात आणि आठ दिवस हॉल त्यांचाच असतो. शिवाय माझं कृषी केंद्र आहे. मे उजाडला की कपाशीच्या बियाण्याची विचारपूस सुरू होते, मग पेचकस हातात घ्यायलाही वेळ मिळत नाही.

घरात २०११ चं खोक्यातलं 'होम थिएटर' आहे. त्याचा डीव्हीडी प्लेअर तीन वर्षांपूर्वी गेला, पण पाच छोटे स्पीकर आणि सबवूफर ठणठणीत. म्हणून बेत असा की फक्त रिसीव्हर घ्यायचा आणि हेच स्पीकर त्याला जोडायचे. स्वस्तात काम.

१९ जानेवारी

बेत आठवडाभर टिकला. आज स्पीकर पुसायला काढले. मागच्या चिकटपट्टीवर ३ ओहम, म्हणजे स्पीकरचा वीजविरोध. बाजारातल्या साध्या रिसीव्हरना कमीत कमी ६ ओहमचे स्पीकर लागतात. ओहम जितके कमी तितका करंट जास्त ओढला जातो. हळू आवाजात चाललंही असतं, पण भाचरांच्या हाती रिमोट गेल्यावर रिसीव्हर तापून बंद पडला असता किंवा कायमचा गेला असता.

दुसरा घाव सबवूफरचा. त्याला स्वतःची वीजवायर नाही, म्हणजे आत अॅम्प्लिफायरच नाही. जुना प्लेअरच त्याला चालवत होता. रिसीव्हरच्या मागे सबवूफरसाठी जे एक गोल भोक असतं त्यातून फक्त बारीक सिग्नल येतो, ताकद नाही. तिथे स्वतःच्या अॅम्प्लिफायरचा सबवूफरच लागतो.

कोणी माझ्यासारखं जुनं खोकं धरून बसलं असेल तर आधी या दोन गोष्टी बघा. मी आधी रिसीव्हरचे भाव विचारत फिरलो आणि स्पीकर नंतर उलटे करून पाहिले.

२ फेब्रुवारी

मोठी चूक. धुळ्याला एकाकडे जुना ७.२ (सात स्पीकर, दोन सबवूफर) रिसीव्हर ९ हजारांत मिळत होता. त्याने सीडी लावून दाखवली, एफएम लावून दाखवला, आवाज झकास. मी मागचापुढचा विचार न करता पैसे दिले आणि यष्टीत मांडीवर घेऊन आलो. दहा-अकरा किलोचं धूड.

घरी एचडीएमआय, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र नेणारी केबल, लावली तर पडदा काळा. चारही इनपुट मेलेले. सीडी आणि एफएम हे दोन्ही एचडीएमआयच्या बोर्डाला हात न लावता वाजतात, हे मला त्या वेळी सुचलं नाही. जळगावच्या कारागिराने ५०० रुपये घेऊन उघडून पाहिलं आणि सांगितलं, "भाऊ, बोर्ड गेलाय, सुटा मिळत नाही." शेवटी त्यालाच १,५०० ला दिला. निव्वळ नुकसान ८ हजार.

जुनं घ्यायचंच असेल तर स्वतःचा सेट-टॉप बॉक्स आणि केबल घेऊन जा आणि प्रत्येक एचडीएमआय भोकात घालून बघा. टीव्हीकडे जाणारं भोकही.

९ फेब्रुवारी

आता नव्याकडे. जळगावच्या गोलाणी मार्केटात आणि बाहेर मिळून तीन दुकानं फिरलो. प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "किती वॅटचा पाहिजे?" मीही आठवडाभर वहीत वॅटच लिहीत बसलो. सगळा आठवडा पाण्यात.

खताच्या गोणीवर १०:२६:२६ लिहिलेलं असलं की नत्र १० टक्के, स्फुरद २६, पालाश २६. कुठल्याही कंपनीची गोणी घ्या, आकड्याचा अर्थ तोच. वॅटचं तसं नाही. यामाहाच्या आरएक्स-व्ही३८५ या एकाच यंत्राचे तीन आकडे कागदावर आहेत : ७० वॅट, १०० वॅट आणि १३५ वॅट. तिन्ही खरे. ७० हा दोन चॅनेल (म्हणजे दोन स्पीकरचे मार्ग) एकाच वेळी चालवून, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या कानाला ऐकू येणाऱ्या पूर्ण पट्ट्यात, आवाजाची मोडतोड ०.०९ टक्के असताना. १३५ हा एकच चॅनेल, एकच सूर, मोडतोड १० टक्के. १० टक्के म्हणजे भोंगा फाटल्यासारखा.

सोनीच्या एसटीआर-डीएच५९० वर १४५ वॅट असं ठळक येतं. तोही एकच चॅनेल चालवून १ किलोहर्ट्झवर मोजलेला आकडा आहे. १४५ आणि ७० शेजारी ठेवून एक दुप्पट ताकदीचा म्हणणं म्हणजे एकाने तोललेला कापूस ओला आणि दुसऱ्याने वाळलेला.

वहीतला वॅटचा रकाना आज रेघ मारून खोडला. १२ बाय १६ च्या हॉलला यातलं कुठलंही यंत्र पुरून उरतं.

१५ फेब्रुवारी

नवे रकाने पाडले. टीव्हीचा आवाज त्याच एचडीएमआय केबलने उलट दिशेने घेणारं एआरसी आहे का, खोलीतला आवाज मोजून स्पीकर जुळवून देणारा माईक सोबत येतो का, एचडीएमआय किती, दुरुस्ती कुठे, आणि भाव.

भाव मला सांगितले ते असे. ५.१, ब्लूटूथ आहे, माईक नाही : २६ ते २८ हजार. ५.१, ब्लूटूथ आणि माईक दोन्ही : ३३ ते ३७ हजार. ७.२, अॅटमॉससह (म्हणजे डोक्यावरूनही येणारा आवाज) : ४८ पासून पुढे. वायफाय आणि आठ-के वगैरे आलं की ६० च्या वर.

वायफाय नको, गाणी आणि सिनेमे टीव्हीच आणतो. आठ-के नको, टीव्हीच चार-के आहे. ई-एआरसीवर मात्र दोन दिवस अडलो. प्रत्येक दुकानदार त्याचे जास्तीचे पैसे सांगत होता. ई-एआरसी २०१७ च्या एचडीएमआय २.१ सोबत आलं. त्यातून ब्लू-रेच्या दर्जाचा न दाबलेला आवाज टीव्हीकडून रिसीव्हरकडे जातो. पण ते दोन्ही टोकांना लागतं आणि माझ्या टीव्हीत साधं एआरसीच आहे. नेटवरच्या सिनेमांचा दाबलेला ५.१ साध्या एआरसीतून येतोच. आणि ब्लू-रे प्लेअर कधी घेतलाच तर तो सरळ रिसीव्हरला जोडेन, टीव्हीतून फिरवण्याचं कारण काय?

अॅटमॉस सोडताना जीव खालीवर झाला. त्याला वरून आवाज देणारे किमान दोन स्पीकर लागतात, म्हणजे पाचाऐवजी सात अॅम्प्लिफायर, अधिक दोन स्पीकर, आणि ते छतात बसवायचे तर स्लॅबमध्ये भोकं. स्लॅब आबांनी १९९४ ला टाकलाय. विषय संपला.

माईकवाल्या आणि बिनमाईकच्या यंत्रात सात-आठ हजारांचा फरक. दुकानदार म्हणाला, "माईक कोण वापरतं सायेब, कानाने लावा." तेव्हा पटलं होतं. पुढे ३० मार्चची नोंद वाचा.

२ मार्च

सुरतला जाऊन आलो. आमच्या गावावरून ताप्ती लाईनची गाडी सरळ सुरतेला जाते, त्यामुळे लग्नाच्या साड्यांपासून सगळ्याला आम्ही तिकडेच पळतो. तिथे एका दुकानात पाच-सहा यंत्रं एकाच स्पीकरांवर आलटून पालटून ऐकवली. खरं सांगायचं तर डोळे मिटून मला तीनातली दोन ओळखता आली नाहीत. स्पीकर बदलले की मात्र लगेच कळलं. म्हणून तिथेच ठरवलं, रिसीव्हरवर वाचवायचं आणि स्पीकरवर घालायचं.

आरएक्स-व्ही३८५ घेतला. जळगावात ३६,८०० सांगितले होते, ऑनलाईन ३४,९९०, इथे पक्क्या बिलावर ३३,५००. बिनबिलाचा ३१ हजारांत देत होता. मी दिवसभर शेतकऱ्यांना "बिल घ्या, बियाणं उगवलं नाही तर कामाला येईल" म्हणून सांगणारा माणूस, बिनबिलाचा कसा घेऊ?

पुढचे दोन, मधला एक, मागचे दोन असे पाच स्पीकर, सगळे ६ ओहम : २४,०००. स्वतःच्या अॅम्प्लिफायरचा ८ इंची सबवूफर : १४,५००. बजेट इथेच फाटलं. घरी आकडा निम्मा सांगितला आहे.

तिथेच एक अमेरिकेतून आणलेला ७.२ चा २५ हजारांत दिसला. मागे वाचलं : १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्या २३० च्या भिंतीत तो थेट खुपसला असता तर एका क्षणात खलास. मागची पट्टी वाचायची सवय एवढ्यात लागली, हा ३ ओहमचा उपकार.

१४ मार्च, धुलिवंदन

गाव रंगात, मी हॉलमध्ये खोकी फोडतोय. आबा दारातून आत आले, खोक्याकडे बघितलं.

"हाई डबडं कितलाले लिधं रे?"

मी निम्मा आकडा सांगितला.

"इतला पैसामा तं गोऱ्हा ई जाता." (एवढ्या पैशात गोऱ्हा आला असता.)

खरा आकडा सांगितला असता तर बैलजोडीचा हिशोब निघाला असता.

१६ मार्च

वायर. गावातून '१०० टक्के कॉपर स्पीकर वायर' ३० मीटर घेतली, २२ रुपयांनी. सोलताना शंका आली. तारा फार हलक्या आणि दोनदा वाकवल्या की तुटायच्या. ब्लेडने एक तार खरवडली तर वरची तांबडी कात निघाली आणि आत पांढरी. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तिचा विरोध तांब्याच्या साधारण दीडपट. दुकानदार म्हणाला, कापलेली वायर परत होत नाही. ६६० गेले.

मग सरळ इलेक्ट्रिकच्या दुकानातून घरगुती फिटिंगची १.५ चौरस मिलिमीटरची दोन कोरची लवचिक वायर, ५२ रुपये मीटर. तिच्यावर 'स्पीकर' असा शब्द नाही, म्हणून स्वस्त आणि खरी. हिशोब केला तो असा : मागच्या सर्वांत लांबच्या स्पीकरला ११ मीटर, जाऊन येऊन २२ मीटर. १.५ ला सुमारे ०.२९ ओहम विरोध येतो. ६ ओहमच्या पाच टक्क्यांच्या, म्हणजे ०.३ च्या आत बसलं. ०.७५ ची घेतली असती तर ०.५७, नापास.

केळीच्या आकाराच्या पिनांच्या ९०० रुपयांच्या जोड्या ऑनलाईन मागवून ठेवल्या होत्या. यंत्राच्या मागे पुढच्या दोन स्पीकरांनाच पेच आहेत. बाकीच्यांना दाबून उघडायच्या खटक्या, त्यात पिन जात नाही. पिना ड्रॉवरमध्ये. इथे केळी पिकवणाऱ्या मुलखात केळीच्या पिना वाया गेल्या यावर घरचीने दिवसभर हसून घेतलं.

रात्री पहिल्यांदा चालू केला. टक् झालं आणि बंद. पुन्हा चालू, पुन्हा टक्. पोटात गोळा. अर्धा तास नुसता बसून राहिलो, सुरतेची गाडी डोळ्यापुढे. मग टॉर्च घेऊन मागे डोकावलो. मधल्या स्पीकरच्या खटक्यातून तांब्याची एक तार, केसाएवढी, बाहेर राहून शेजारच्या काळ्या खटक्याला टेकलेली. यंत्र स्वतःला वाचवत होतं. सगळ्या टोकांना पीळ दिला, पुढे कथील लावलं, पुन्हा घातलं. चालू झाला.

२३ मार्च

दोन संध्याकाळी एआरसीत गेल्या. टीव्हीचा आवाज रिसीव्हरमध्ये येईना. तीन कारणं होती आणि तिन्ही माझीच. एक, केबल टीव्हीच्या दुसऱ्याच भोकात. एआरसी असं लिहिलेलं एकच भोक असतं. दोन, रिसीव्हरच्या मेनूत 'एचडीएमआय कंट्रोल' बंद. ते चालू केल्याशिवाय याच्यात एआरसी जागंच होत नाही. या दोन गोष्टींनी आवाज आला, पण फक्त पुढच्या दोन स्पीकरांतून. तिसरं कारण टीव्हीच्या सेटिंगमध्ये : आवाजाचा प्रकार 'पीसीएम', म्हणजे इथे दोनच चॅनेलचा, होता, तो 'ऑटो' केला. रिसीव्हरच्या पट्टीवर डॉल्बीची खूण उमटली आणि मागून पाऊस सुरू झाला. सिनेमातला.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी उभारून दुपारी माईक. बसायच्या जागी, कानाच्या उंचीला. तिकाटणं नव्हतं म्हणून स्टुलावर डाळीचा डबा, डब्यावर तांब्या आणि तांब्यावर माईक. यंत्र प्रत्येक स्पीकरमधून सूं सूं आवाज काढून मोजतं.

पहिल्यांदा ई-५, म्हणजे गोंगाट. पंखा बंद केला. पुन्हा ई-५. बाहेर ट्रॅक्टर. तिसऱ्यांदा मोजणी झाली पण डब्ल्यू-१, म्हणजे एका स्पीकरची लाल-काळी उलट. मागचा डावा. मी तिथे स्टुलावर चढून, मान वाकडी करून वायर लावली होती, तेव्हाच उलटी गेली. कानाने लावायला गेलो असतो तर वर्षभर काहीतरी पोकळ वाटतंय एवढंच म्हणत बसलो असतो. माईकचे सात हजार इथे फिटले.

दोन गोष्टी माईकवर सोडू नका. त्याने पुढचे स्पीकर 'लार्ज' ठरवले. पाच इंची भोंग्याचे स्पीकर कसले लार्ज? हाताने 'स्मॉल' केले आणि ८० हर्ट्झच्या खालचं सगळं सबवूफरकडे दिलं. संवाद लगेच सुटसुटीत झाले. दुसरं, सबवूफर टेपने ३ मीटरवर आहे आणि माईक म्हणतो ५.१ मीटर. ते मी 'सुधारायला' गेलो आणि बिघडवलं. सबवूफरच्या आतल्या सर्किटमध्ये आवाजाला थोडा उशीर होतो, तो उशीर यंत्र अंतर म्हणून मोजतं. त्याचा आकडा परत तसाच ठेवला.

६ एप्रिल

सबवूफरमधून सतत हूं. वायर बदलली, प्लग बदलला, अर्थिंग तपासलं. चार तास. शेवटी वैतागून एकेक केबल उपटत गेलो. केबलवाल्याची काळी वायर सेट-टॉप बॉक्समधून काढली आणि हूं गप्प. त्या वायरचं अर्थिंग वेगळं, घराचं वेगळं, दोन्ही सबवूफरमध्ये भांडत होते. वेगळं करणारा अडॅप्टर लावण्यापेक्षा आबांच्या बातम्या त्यांच्या खोलीतल्या टीव्हीवर हलवल्या. आबा तीन दिवस बोलले नाहीत.

संध्याकाळी व्होल्टेज १८८ दिसलं, म्हणून २,२०० चा स्टॅबिलायझरही.

२० एप्रिल

हॉलमध्ये टाळी वाजवली की 'टण्ण' असा शेपटीवाला आवाज. फरशी आणि उघड्या भिंती. फोमचे तयार चौकोन महाग आणि माझ्या मते निरुपयोगी, पातळ असतात. आमच्याकडे कापूस आहे. गादीवाल्याकडून पिंजून घेतला, सुताराकडून २ बाय ४ फुटांच्या, ३ इंच खोल तीन चौकटी, वरून मांजरपाट. गादीवाल्याने विचारलं, "भिंतीले थंडी वाजते का?" तीन चौकटी २,४०० मध्ये. दोन बाजूंच्या भिंतींना, एक सोफ्याच्या मागे. प्लग आणि दिव्यापासून लांब ठेवल्या, कापूस आहे शेवटी. खाली जुनी सतरंजी. शेपटी गेली. या अडीच हजारांनी जो फरक पडला तो पुढच्या किमतीच्या रिसीव्हरने पडला नसता.

३० एप्रिल, आखाजी

सकाळी गौराई, दुपारी खापरावरचे मांडे आणि आमरस, अंगणातल्या निंबाला झोका. संध्याकाळी भाचरांना सिनेमा लावून दिला. ताई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दचकून मागे वळली, "मांगथीन आवाज ई ऱ्हायना ना रे भाऊ!" मागे कोणी नव्हतं.

१८ मे

पारा ४४. दुपारी मॅच बघताना यंत्र आपोआप बंद. हात लावला तर तव्यासारखं. शोकेसला पुढे काच, मागे प्लायवूड, वर जेमतेम चार बोटं जागा. पुस्तकात वर फूटभर मोकळं ठेवा असं लिहिलंय, मी ते दिसायला चांगलं वाटेना म्हणून सोडून दिलं होतं. प्लायवूड काढून टाकलं, वरची फळी एक खण वर सरकवली आणि कॉम्प्युटरचे १२ व्होल्टचे दोन पंखे जुन्या राउटरच्या अडॅप्टरवर लावले. ५०० रुपये. आता कोमट राहतं. सागवानी शोकेसची शोभा गेली, ती घरचीच्या हिशोबात वेगळी लिहिली आहे.

१ जून

दुकानात गर्दी सुरू, नोंदी बंद करायच्या आधी हिशोब. रिसीव्हर, स्पीकर, सबवूफर ७२,०००. वायर १,५६०, एचडीएमआय केबल ७००, स्पीकरचे ब्रॅकेट ८००, स्टॅबिलायझर २,२००, कापसाच्या चौकटी २,४००, पंखे ५००. वाया गेलेलं : जुन्या रिसीव्हरचे कारागिरासकट ८,०००, खोटी वायर ६६०, पिना ९००. प्रवास १,४००. एकूण ९१,१२०. बजेट ६० होतं. साडेचार महिने लागले, त्यातला एक महिना वॅट आणि धुळ्याच्या धुडात.

मागच्या उजव्या स्पीकरचा ब्रॅकेट अजून ढिला आहे. आणि शोकेसमधली कुठलीतरी बरणी ठरावीक ढोल वाजला की खणखणते. लोणच्याची, मुरांब्याची आणि कुरडयांची काढून पाहिली, ती नाही.